माल मागून, माहिती पुढे

वसईच्या किल्ल्यातून खाडीच्या बाजूला आलं की जेट्टी लागते. २०२४ पासून तिथून भाईंदरला रो-रो बोट सुटते. स्कूटर चढवायची, तिकीट काढायचं, पलीकडे उतरायचं. कोण, कुठून, काय घेऊन चाललात, असं कुणी विचारत नाही. पण या खाडीच्या तोंडाशी हेच प्रश्न विचारता यावेत म्हणून एकेकाळी तहात कलम घातलं गेलं होतं.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या यांच्यात तह झाला आणि वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. त्या तहाने गुजरातच्या जहाजांवर एक अट लादली. तांबड्या समुद्राकडे निघण्याआधी त्यांनी वसईला येऊन परवाना घ्यायचा आणि परतताना पुन्हा वसईलाच येऊन जकात भरायची. पुढच्याच वर्षी नवा तह झाला आणि जहाजांचा हा फेरा दीवकडे वळला. परवान्याची पद्धत मात्र पुढेही चालू राहिली. त्या परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणत. जहाजाचं नाव, तांडेल कोण, जहाज केवढं, माणसं किती, हत्यारं किती, जाणार कुठे, हे सगळं त्यात लिहिलेलं असे. अमुक माल न्यायचा नाही, हेही बजावलेलं असे. समुद्रात गाठ पडली आणि कार्ताझ नसला, किंवा कागदावर एक आणि जहाजात भलतंच निघालं, तर जहाज मालासकट जप्त.

आजच्या कस्टमची निम्मी गोष्ट या कागदात आहे. निघण्याआधी सांगा, खरं सांगा आणि जे सांगितलं तेच जवळ ठेवा. फरक एवढाच, की तेव्हा हे सांगण्यासाठी अख्ख्या जहाजाला वाट वाकडी करून यावं लागे.

अशी वाट वाकडी करणं वसईकरांनी अगदी अलीकडेपर्यंत पाहिलं आहे. दहिसरचा जकात नाका आठवा. मुंबईत माल न्यायचा तर ट्रक नाक्यावर उभा, क्लीनर कागद घेऊन खिडकीवर आणि मागे गोडबंदरच्या दिशेने वाढत जाणारी रांग. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. २०१८ मध्ये ई-वे बिल आलं. ट्रक निघण्याआधीच त्याचा नंबर, माल आणि किंमत सरकारी संगणकात भरलेली असते. वाटेत कुणी अडवलं तर तो बारा आकडी नंबर दाखवायचा. नाक्यावर होणारं काम ट्रक सुटण्याआधीच उरकलेलं असतं.

देशाच्या हद्दीबाहेर जाणाऱ्या मालाचंही हेच झालं आहे. तिथे कागद जास्त आणि चूक महाग, म्हणून ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

वालीवचा एक कंटेनर

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, कामण या पट्ट्यात लहानमोठे शेकडो गाळे आहेत. समजा, त्यातल्या एका गाळ्यात लोखंडी नट-बोल्ट बनतात आणि त्यांचा एक कंटेनर जर्मनीला जायचा आहे. माल चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्याने न्हावा शेवाला जाईल. १९८९ साली सुरू झालेलं हे बंदर आपल्या बाजूच्या बहुतेक कंटेनरांचा दरवाजा आहे. पण ट्रक येण्याच्या कितीतरी आधी त्या गाळ्यातल्या पोटमाळ्यावरच्या ऑफिसात काम सुरू झालेलं असतं.

पहिली गोष्ट ओळखीची. आयात-निर्यात करणाऱ्याकडे विदेश व्यापार महासंचालनालयाचा ‘आयईसी’ नंबर लागतो. जीएसटी आल्यापासून पॅन नंबर हाच आयईसी असतो. अर्ज ऑनलाइन, फी ५०० रुपये, आणि दर वर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती ताजी करावी लागते, काही बदललं नसलं तरी. हे विसरलं तर नंबर निष्क्रिय होतो, आणि ते कळतं नेमकं माल निघायच्या दिवशी. दुसरी ओळख बँकेची. परदेशातले पैसे ज्या शाखेत येणार तिचा एडी कोड कस्टमच्या ‘आइसगेट’ या पोर्टलवर नोंदवावा लागतो. तिसरी जीएसटीची. कर न भरता माल पाठवायचा असेल तर दर आर्थिक वर्षाला ‘एलयूटी’ म्हणजे हमीपत्र ऑनलाइन द्यायचं; नाहीतर आधी कर भरायचा आणि मग परतावा घ्यायचा.

त्यानंतर मालाची ओळख. बोल्टला मराठीत बोल्ट, जर्मनीत वेगळं, केनियात वेगळं. म्हणून ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने प्रत्येक वस्तूला आकड्यांचं नाव दिलं. ही ‘एचएस कोड’ची पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे आणि दोनशेहून अधिक देश आणि प्रदेश ती वापरतात. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. पुढचे आकडे ज्या त्या देशाचे. भारतात एकूण आठ. लोखंड-पोलादाचे स्क्रू, बोल्ट, नट ७३१८ मध्ये येतात. त्यातही नुसता वॉशर असेल तर आकडा बदलतो, नट असेल तर बदलतो.

वसईचंच गोड उदाहरण घ्यायचं तर सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि पानात गुंडाळून विकायची, हा आगाशीकडचा जुना धंदा. सुकेळीचा एचएस कोड काय? कुणाला वाटेल सुका मेवा, कुणाला वाटेल मिठाई. पण ०८०३ या शीर्षकातच केळी ‘ताजी किंवा वाळवलेली’ असं म्हटलं आहे. त्यामुळे सुकेळी कस्टमच्या दृष्टीने केळीच राहते. शिवाय वनस्पतिजन्य माल म्हणून घेणारा देश वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र मागू शकतो. कोडवरून फक्त कर ठरत नाही. कुठलं खातं आडवं येणार, कुठली सवलत मिळणार आणि माल तपासणीला लागण्याची शक्यता किती, हेही त्यावरून ठरतं.

शिपिंग बिल आणि चेकलिस्ट

आता मुख्य कागद, म्हणजे शिपिंग बिल. नावात ‘बिल’ असलं तरी यात पैशाची मागणी नसते. हे निर्यातदाराचं कस्टमपुढचं प्रतिज्ञापत्र असतं. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम ५० खाली ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरायचं. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, कोड, वजन, किंमत, चलन, खरेदीदार, पोचण्याचं बंदर, बँक, जीएसटी नंबर, सगळं त्यात येतं. सोबतचे कागद २०१८ पासून ‘ई-संचित’मध्ये चढवायचे, प्रत्येक कागदाला एक नंबर मिळतो आणि बिलाला तो नंबर जोडला जातो. कागदांचा गठ्ठा घेऊन कस्टम हाउसच्या जिन्यावर बसलेला पोरगा हे दृश्य त्यामुळे जवळजवळ संपलं.

बहुतेक छोटे कारखानदार हे काम कस्टम ब्रोकरकडे देतात. बाजारात अजूनही त्याला ‘सीएचए’च म्हणतात. सीएचए माहिती भरतो आणि दाखल करण्याआधी ‘चेकलिस्ट’ मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो: बघून घ्या, ओके कळवा. संध्याकाळचे सात वाजलेले असतात, खाली कंटेनर भरणं चालू असतं, मोबाइलवर चार पानांची बारीक अक्षरातली पीडीएफ येते. मालक अंगठा दाखवतो. ओके.

हा अंगठा जपून दाखवायला हवा, कारण कायद्याने २०११ पासून स्वयं-निर्धारणाचा रस्ता धरला आहे. माल काय, कोड काय, कर किती, हे आधी व्यापाऱ्याने स्वतः ठरवून सांगायचं; खातं मग हवं तर तपासेल. २०१८ मध्ये त्यात आणखी भर पडली. माहिती अचूक आणि पूर्ण आहे, कागद अस्सल आहेत आणि मालावरच्या निर्बंधांचं पालन झालं आहे, याची खात्री करणं ही आयातदार-निर्यातदाराची जबाबदारी आहे असं कायद्यातच लिहिलं गेलं. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ‘ते सगळं सीएचए बघतो’ हे उत्तर तिथे चालत नाही.

चेकलिस्टमधल्या एका लहान खुणेचं मोल किती, याचं उदाहरण म्हणजे ‘रोडटेप’. निर्यात मालात जिरलेले, इतर मार्गाने परत न मिळणारे कर भरून देणारी ही योजना १ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली. तिचा लाभ हवा की नको, हे शिपिंग बिलातच प्रत्येक वस्तूसमोर सांगायचं असतं. ‘वाय’च्या जागी ‘एन’ पडलं, तर बिल पास झाल्यावर ते बदलून घेणं म्हणजे अर्ज-विनंत्यांचा डोंगर. रक्कम टक्क्या-दोन टक्क्यांची दिसते, पण नट-बोल्टसारख्या धंद्यात नफाही कधी कधी तेवढाच असतो.

कुलपातली चिप

बिल दाखल झालं की ते आधी माणसापुढे जात नाही, ‘आरएमएस’ या जोखीम तपासणाऱ्या यंत्रणेपुढे जातं. आयातीसाठी ती २००५ पासून आहे, निर्यातीसाठी २०१३ पासून. निर्यातदार कोण, माल कुठला, देश कुठला, मागचा इतिहास काय, यांचा हिशेब करून ती ठरवते की हे जाऊ द्यायचं, कागद तपासायचे, की पेटी उघडायची. स्वच्छ इतिहास ही इथली पत. नियमित आणि सरळ काम करणाऱ्याचा माल बहुतेक वेळा न उघडता पुढे सरकतो.

कंटेनर कारखान्यातच भरला असेल तर त्याला ‘ई-सील’ लागतं. दिसायला साधा लोखंडी खिळा, पण आत चिप असते. सील लावल्यावर त्याचा नंबर, शिपिंग बिलाचा नंबर, कंटेनर, ट्रक, तारीख आणि वेळ पोर्टलवर भरायची. बंदरावर ते यंत्राने वाचतात. वाटेत सील छेडलं असेल तर कळतं. आता यातला क्रम पाहा. सीलच्या नोंदीत शिपिंग बिलाचा नंबर लागतो. म्हणजे ट्रक वालीवच्या फाटकातून हलण्याआधी बिल तयार हवं. ‘माल तर सुटू दे, कागद मागून पाठवतो’ ही आपली जुनी सवय इथे उपयोगाची नाही. वजनाचंही तसंच. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही, म्हणून काट्याची पावती हीसुद्धा जहाजाची एक किल्लीच झाली.

बंदरावर सगळं जुळलं की अधिकारी निर्यातीचा हुकूम देतो. बोलीभाषेत ‘एलईओ झाला’. जहाज सुटल्यावर शिपिंग कंपनी आपल्या यादीत, म्हणजे ‘ईजीएम’मध्ये, कंटेनर गेल्याची नोंद करते. सामान्य माणसाच्या हिशेबाने गोष्ट इथे संपली. कारखानदाराची अर्धीच झाली, कारण पैसे अजून यायचे आहेत.

तिरकी रेघ, आडवी रेघ

कर भरून निर्यात केली असेल तर परताव्यासाठी वेगळा अर्ज नसतो. शिपिंग बिल हाच अर्ज. कस्टमचा संगणक जीएसटीच्या संगणकाशी बोलतो. इकडचं बिल, तिकडचं विवरणपत्र आणि शिपिंग कंपनीची ईजीएम, तिन्ही जुळली की पैसे थेट खात्यात. ऐकायला झकास. पण तीन ठिकाणी तीन माणसं तीच माहिती टाइप करतात, आणि घोळ तिथे होतो.

कारखान्याच्या इन्व्हॉइसवर नंबर आहे ‘एक्स/०४५’. अकाउंटंटने जीएसटीत भरला ‘एक्स-०४५’. सीएचएने बिलात भरला ‘एक्स/४५’. माणसाला तिन्ही एकच वाटतात. जीएसटीच्या नियमात इन्व्हॉइस नंबरात तिरकी रेघही चालते, आडवी रेघही चालते. संगणकाला मात्र हे तीन वेगवेगळे इन्व्हॉइस आहेत. तो एक सांकेतिक उत्तर देतो: ‘एसबी ००५’. म्हणजे इन्व्हॉइस जुळत नाही. जीएसटी नंबर जुळला नाही तर ‘एसबी ००३’, ईजीएम भरली नसेल तर ‘एसबी ००२’, आणि सगळं बरोबर असेल तर तीन शून्यं. जीएसटीच्या पहिल्या वर्षात अशा चुकांपायी देशभरातल्या निर्यातदारांचे परतावे इतके तुंबले, की मार्च २०१८ मध्ये खात्याला खास परतावा पंधरवडा पाळावा लागला. माल कधीच ग्राहकाच्या गोदामात पोचलेला, पैसे एका रेघेत अडकलेले.

शिपिंग बिलाचा डेटा आणखी एका ठिकाणी जातो, रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत. ग्राहकाकडून आलेली रक्कम बँकेने त्या बिलासमोर लावेपर्यंत ते उघडं राहतं. उघड्या बिलांची यादी लांबली की बँकेचं पत्र येतं. म्हणजे पोटमाळ्यावर टाइप केलेला एक आकडा कस्टम, जीएसटी, शिपिंग कंपनी आणि बँक अशा चार दारांत उभा राहतो, आणि चारही ठिकाणी त्याने एकच साक्ष द्यायची असते.

समुद्रापलीकडचे कान

मालाला आपल्या देशाने हुकूम दिला तरी पुरत नाही; पलीकडच्या देशालाही आधीच ऐकायचं असतं. ही घाई ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर वाढली. अमेरिकेने २००३ पासून नियम लावला की परदेशी बंदरात कंटेनर जहाजावर चढवण्याच्या २४ तास आधी त्यातल्या मालाची माहिती द्या. २००९ पासून अमेरिकी आयातदाराकडून आणखी दहा बाबी घेतात. त्यात माल बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आहे आणि पेटी कुठे भरली तेही आहे. अमेरिकेला जाणारा कंटेनर न्हावा शेवाच्या यार्डात उभा असतो, तेव्हाच ‘वालीव, वसई पूर्व’ ही अक्षरं अमेरिकेत पोचलेली असतात.

युरोपीय संघाची ‘आयसीएस-२’ ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. मार्च २०२१ मध्ये विमानाने जाणारं टपाल आणि कुरिअर, मार्च २०२३ मध्ये सगळा हवाई माल, ३ जून २०२४ पासून सागरी माल, आणि एप्रिल २०२५ पासून रस्ता-रेल्वे. तिला सहा आकडी कोड हवा, युरोपातल्या खरेदीदाराचा कस्टम नोंदणी क्रमांक हवा आणि मालाचं वर्णन साध्या, स्पष्ट शब्दांत हवं. नुसतं ‘पार्ट्स’ असं मोघम लिहिलेलं चालत नाही. आपल्याकडे बिलावर ‘हार्डवेअर’ लिहायची सवय आहे. पण हार्डवेअर म्हणजे बोल्ट की कम्प्युटर? ‘मशीन जोडणीसाठी लोखंडी षटकोनी बोल्ट’ असं लिहायला अर्धी ओळ जास्त लागते, आणि त्या अर्ध्या ओळीवर कंटेनर या जहाजाने जाणार की पुढच्या, हे ठरू शकतं. ब्रिटनच्या अनेक बंदरांवर तर फेरीवर चढणाऱ्या ट्रकचालकाजवळ सगळ्या जाहीरनाम्यांना बांधणारा एक बारकोड असावा लागतो. तो नसेल तर ट्रक बोटीवर जात नाही.

आयातीलाही हीच शिस्त आहे. परदेशातून यंत्राचा भाग किंवा कच्चा माल मागवला तर ‘बिल ऑफ एंट्री’ भरायचं. २०२१ पासून ते साधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावं लागतं; हवं तर तीस दिवस आधीही भरता येतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये. ते तपासणारा अधिकारी न्हावा शेवालाच बसलेला असेल असंही नाही. जून २०२० मध्ये बेंगळुरू आणि चेन्नईपासून सुरू झालेली चेहराविरहित तपासणी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर देशभर लागू झाली. तुमचं बिल दुसऱ्याच शहरातल्या टेबलावर उघडतं. यात ओळखीपाळखीला आणि चहापाण्याला वाव कमी झाला, ही जमेची बाजू. पण समोर उभं राहून ‘साहेब, टायपिंगमध्ये चूक झाली’ असं सांगायची सोयही गेली. आता जे सांगायचं ते लिहूनच, आणि लेखी उत्तराला कागदाचाच आधार.

हे फक्त कारखानदारांपुरतं आहे असंही नाही. दिवाळीत अमेरिकेतल्या लेकीला फराळ पाठवणाऱ्या आईलाही डब्यात काय, वजन किती, किंमत किती, हे फॉर्मवर लिहावं लागतं, आणि २०२१ पासून टपालाने जाणाऱ्या वस्तूंची ही माहिती पार्सलच्या आधी संगणकाने पुढे जाणं अपेक्षित आहे. घरून छोटा धंदा करणाऱ्यांसाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, देशभरात एक हजाराहून अधिक. तिथे टपाल निर्यात बिल ऑनलाइन भरता येतं. सुकेळीच्या चार पेट्यांसाठी कंटेनर कुणी भरत नाही. त्यांना हा रस्ता सोपा.

मांडवी कुठे आहे?

जुन्या मराठीत जकात घेण्याच्या जागेला ‘मांडवी’ म्हणत. मुंबईत त्या नावाचा भाग आहे आणि आपल्या वसई तालुक्यातही मांडवी नावाचं गाव आहे. आजची मांडवी शोधायला बंदरावर जायची गरज नाही. इन्व्हॉइस जिथे पहिल्यांदा टाइप होतो, तिथे ती आहे.

३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला वर्षानुवर्षं विरोध आहे, आणि तो वाद वेगळ्या लेखाचा विषय आहे. बंदर उभं राहिलं तर वसईच्या मालाला उत्तरेकडे दुसरा दरवाजा मिळेल आणि ट्रक कदाचित भिवंडीच्या कोंडीतून सुटेल. पण इन्व्हॉइस, बिल, सील आणि परतावा यांची साखळी तीच राहील.

म्हणून छोट्या गाळ्यानेही आपला शिरस्ता घालून घ्यावा. इन्व्हॉइस नंबराची एकच धाटणी वर्षभर ठेवायची आणि अकाउंटंट, सीएचए, बँक या तिघांना तीच द्यायची. नेहमीच्या मालाचा कोड आणि वर्णन एकदा जाणकाराकडून ठरवून भिंतीवर लावायचं. चेकलिस्ट आली की इन्व्हॉइस शेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवत वाचायची. वीस मिनिटं लागतात.

बहादूरशहाच्या काळात गुजरातच्या व्यापाऱ्याला परवान्यासाठी अख्खं जहाज वसईकडे वळवावं लागत होतं. आता वालीवच्या पोटमाळ्यावर रेघ तिरकी आहे की आडवी, एवढं पाहिलं तरी पुष्कळ होतं.